भरपूर खाऊनही वजन उतरतंय: आनुवंशिक मज्जाविकारात ताटाचं गणित कसं बसवता?

उमरेडची सून

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या पानावरच असते. आज वेगळ्या कामासाठी धागा काढतेय. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे धाकटे दीर ४१ वर्षांचे आहेत. त्यांना हंटिंग्टनचा आजार आहे, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू झिजवणारा, घराण्यात चालत येणारा आजार. सासऱ्यांनाही हेच असणार, पण तेव्हा नाव कोणाला ठाऊक होतं? गावात 'त्याचं अंग नाचतं' एवढंच म्हणायचे. भाऊजींची जनुकीय तपासणी झाली, त्यात सीएजीचा आकडा ४६ आला. औषधं सुरू आहेत आणि हातापायांची हालचाल बरीच आटोक्यात आहे. प्रश्न वजनाचा आहे. उंची पाच फूट आठ इंच, वजन ६२ किलो असायचं, आता काटा ५१ वर आलाय. आणि हा माणूस खात नाही असं अजिबात नाही! सकाळी पोहे, मग जेवणात चार पोळ्या, भात, पुन्हा संध्याकाळी भूक भूक करतात. सासूबाई म्हणतात, अंगाला लागत नाही, कोणाची तरी नजर आहे. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या.

एका आहारतज्ज्ञांकडून तक्ता आणला. १८०० किलोकॅलरी, तूप दोन छोटे चमचे, भात अर्धी वाटी, गोड बंद. माझी जाऊ तो तक्ता अगदी इमानेइतबारे पाळते. मला मात्र वाटतंय की हा शुगरवाल्यांसाठी छापलेला कागद आमच्या हातात दिलाय.

विचारायचं हे, की वजन नक्की का उतरतं? किती खायला द्यायचं? जेवताना हल्ली ठसका लागतो, त्याचं काय? आणि औषधाच्या दुकानातली 'नसांची ताकद' वाली गोळी द्यावी का? आम्ही नागपुरात आहोत, सक्करदऱ्याकडे.

बर्डीचा बावा

वहिनी, कीटो करून पाहा. काहून नाही? मेंदूला चरबीचं इंधन लय मानवते म्हणतात. माझ्या मित्राच्या पोराच्या फिट्स कीटोनं थांबल्या, हे डोळ्यानं पाहिलेलं सांगून राहिलो. भात-पोळी बंद, पनीर-अंडी-तूप चालू. सोबत कोएन्झाइम क्यू-१० ची गोळी. इंटरनेटवर सगळं आहे.

पोळपाट

बावा, थांबा जरा. मित्राच्या मुलाचं खरं असेल, पण त्याला कोणता आजार होता ते सांगा, मग बोलू. मी रुग्णालयातल्या स्वयंपाकघरात आणि वॉर्डात आहाराचंच काम केलं, आता निवृत्त आहे. मज्जाविकाराचे आनुवंशिक आजार शेकडो आहेत आणि एकाचं पथ्य दुसऱ्याला घातक ठरू शकतं. आधी आजाराचं नाव, मग ताट. याच्या उलट क्रमाने गेलेली घरं मी पाहिली आहेत.

उमरेडची सून, तुमच्या घरी नाव पक्कं आहे, म्हणजे अर्धं काम झालंय.

हंटिंग्टनमध्ये चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा येतात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली तर आजार होतोच. हे जनुक १९९३ साली सापडलं. वजन उतरतं ते फक्त अंग हलत राहिल्याने, असा सगळ्यांचा समज असतो. हालचालीत ऊर्जा जाते हे खरंच, पण हालचाल फारशी नसतानाही वजन उतरायला लागतं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडतं, भूक आणि वजनाचा तोल राखणारा मेंदूतला भाग, हायपोथॅलॅमस, त्यालाही झळ लागते. सीएजीचा आकडा जितका मोठा तितकं वजन वेगाने उतरतं, हेही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे तुमच्या सासूबाईंचं 'अंगाला लागत नाही' हे निरीक्षण अचूक आहे, फक्त कारण नजरेचं नाही. मिरच्या-मोहऱ्या ओवाळू द्या त्यांना, त्यात कोणाचं नुकसान नाही.

वजनाकडे एवढं लक्ष का द्यायचं? तर ज्यांचं वजन सुरुवातीपासून चांगलं राहतं त्यांचा आजार तुलनेने हळू पुढे सरकतो, असं २०१७ च्या मोठ्या विश्लेषणात दिसलं. वजन वाढवलं की आजार थांबतो असा याचा अर्थ नाही, उगाच कोणी तसं वाचू नका. पण ५१ किलोच्या माणसाला न्यूमोनिया झाला तर लढायला अंगात काही शिल्लक लागतं की नाही? ५१ किलो आणि ही उंची, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं मोजमाप) १७ च्या आसपास. हा कुपोषणाचा आकडा आहे. १८०० चा तक्ता आज बंद करा. साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि ते ठीक असतील तर ३००० च्या पुढे जायची तयारी ठेवा. पुढच्या टप्प्यात काही रुग्णांना ४००० किंवा त्याहूनही जास्त लागतात.

घाबरू नका, हंडाभर खायचं नाहीये. ताट तेवढंच ठेवायचं, त्यातला कस वाढवायचा. मोठा चमचाभर तूप म्हणजे जवळपास १३० किलोकॅलरी. ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०. पाव लिटर म्हशीचं दूध २५० च्या घरात. भाजीत कूट, वरणात तूप, कणकेत तेलाचं मोहन आणि दूध, एवढ्यावर ताटाचा आकार न बदलता ५०० आरामात वाढतात. आपली विदर्भातली रांधण्याची पद्धत यासाठी सोयीचीच आहे. गोळाभातावर फोडणीचं तेल हात आखडता न घेता ओतायचं, गोळे मात्र मऊ शिजवून कुस्करून. पाटवडीचा रस्सा तिखट नको, पण तेलाचा चालेल. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. आणि सकाळची वेळ साधा, संध्याकाळी रुग्ण थकलेला असतो, तेव्हा चावणं-गिळणं सगळंच ढेपाळतं.

गोड बंद? कशासाठी? शुगर नसेल तर शिरा, खीर, बासुंदी सगळं द्या. फक्त दात सांभाळा. दिवसभर थोडंथोडं गोड पोटात जाणार, ब्रश हातात नीट धरता येत नाही, आणि मग दात किडले की खाणंच बंद पडतं. ही गोष्ट कोणी सांगत नाही.

क्यू-१० बद्दल. हंटिंग्टनसाठी त्याची मोठी चाचणी झाली, रोज २४०० मिलिग्रॅम, सहाशेहून जास्त रुग्ण. उपयोग होण्याची शक्यता दिसेना म्हणून २०१४ साली ती मध्येच थांबवली. त्याच वर्षी क्रिएटिनची चाचणी, दिवसाला ४० ग्रॅमपर्यंत, तीही तशीच थांबली. तर्क उत्तम होता, की ऊर्जा कमी पडते तर ऊर्जेच्या साखळीतलाच पदार्थ वरून द्या. शरीराने ऐकलं नाही. त्या गोळ्यांच्या पैशात म्हशीचं दूध आणि शेंगदाणे घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

उमरेडची सून

पोळपाट ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून. जावेला प्रिंट काढून दिला. ती म्हणाली, म्हणजे मी इतके महिने त्यांना उपाशी ठेवलं का? तिला काय सांगू?

पोळपाट

तिला सांगा, तिने तज्ज्ञाने दिलेला कागद पाळला. आता हा पाळा. आणि दर आठवड्याला त्याच वारी, त्याच काट्यावर, सकाळी शौचानंतर वजन. वहीत लिहायचं. न्यूरॉलॉजिस्टना ती वही दाखवायची. काही औषधांनी भूक मरते, काहींनी वाढते आणि वजनही वाढतं. औषध निवडताना तुमची वही त्यांच्या कामी येते.

घोटभर

ठसक्याबद्दल मी लिहिते. माझं काम बोलण्याच्या आणि गिळण्याच्या उपचारांचं आहे. धंतोलीत बसते, त्याहून जास्त ओळख देत नाही.

हंटिंग्टनमध्ये शेवटी जिवावर बेततं ते बहुतेक वेळा अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन झालेल्या न्यूमोनियाने. त्यामुळे ठसका लागतोय याला किरकोळ समजू नका. ठसका लागतो तोवर बरं, काहींचा ठसकाही जातो आणि घास चुकीच्या वाटेने गेल्याचं कळतच नाही. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का? संध्याकाळी बारीक ताप येतो का? या दोन खुणा घरच्यांनी लक्षात ठेवायच्या.

सकाळचे पोहे लिहिलेत. नागपूरकर म्हणून विचारते, तर्री पोहे का? असतील तर तेच आधी बंद करा. गिळायला त्याहून अवघड पदार्थ शोधून सापडणार नाही. कोरडे सुटे पोहे, वर पाण्यासारखी पातळ तिखट तर्री, त्यात कडक हरभरे, वरून शेव. तोंडात एकाच वेळी चार प्रकार, चारही वेगवेगळ्या वेगाने घशाकडे जातात. तर्री तर घास चावून व्हायच्या आधीच घशात उतरलेली असते. संत्र्याच्या फोडीचं तेच, पापुद्रा तोंडात राहतो आणि रस पुढे पळतो. (हो, संत्र्याच्या गावात हे लिहिताना मलाही जड जातंय. संत्रा बर्फी खाऊ द्या, ती मऊ असते.)

चालतं काय? एकजीव, ओलसर, घट्ट. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, तूप घालून घोटलेला मऊ भात, घट्ट पिठलं, सांजा, दलियाची खीर, दुधात कुस्करलेली पोळी, मात्र दूध पूर्ण मुरलेलं हवं, वर तरंगणारं नको. साधं पाणी हा सगळ्यात अवघड घोट असतो, फार पटकन वाहतो. तपासणी करून किती घट्ट लागतं ते ठरवावं लागतं, आपल्या मनाने सगळंच घट्ट करू नका, नाहीतर माणूस पाणी पिणंच सोडतो.

आणखी एक. या आजारात घाई असते. एक घास गिळायच्या आत दुसरा कोंबतात, कारण आवर घालणारी मेंदूतली यंत्रणाच सैल झालेली असते. हे हावरेपण नाही, रागावू नका. छोटा चमचा द्या, वाटीत थोडंथोडं वाढा, टीव्ही बंद, जेवताना गप्पा बंद. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. जड बुडाची वाटी आणि उंच काठाची ताटली घ्या. इतवारीत भांड्यांच्या दुकानात विचारलं तर मिळते.

गोदाकाठ

आम्ही नाशिकचे, पण धागा पाहून लिहावंसं वाटलं. वडिलांना एससीए-२ आहे, म्हणजे तोल जाण्याचा आनुवंशिक आजार. या प्रकारातल्या मंदावलेल्या नजरेचं वर्णन मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ साली भारतीय कुटुंबांवरून केलं होतं, हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उगाचच बरं वाटलं. आपल्या माणसांना पाहून कोणीतरी हे लिहून ठेवलंय, असं.

वडिलांचंही वजन उतरतंय. आमच्याकडे कारण थोडं वेगळं वाटतं. हात थरथरतात, वाटी तोंडापर्यंत येईतो निम्मी सांडते. पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून 'पोट भरलं' म्हणतात. म्हणजे पोटात जातच नाही. एससीएतही वजन घटत गेलं तर आजार जास्त वेगाने पुढे जातो, असं अभ्यास आहेत म्हणे?

पोळपाट

आहेत. बीएमआय घटणं आणि आजार पुढे सरकणं यांचा संबंध एससीएच्या रुग्णांत दिसलाय. पण कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे त्यातून ठरत नाही. तुमचं निरीक्षण मात्र लाखमोलाचं. वडिलांना आधी एकट्याला, स्वयंपाकघरातच जेवू घाला, नंतर पाहुण्यांसोबत फक्त चहाला बसवा. चहा अर्धा कप, दोन कानांच्या कपात.

तिरपी चाल

माझी उलटी कथा. मला शार्को-मारी-टूथ आहे, हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार. १८८६ साली तीन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, त्या तिघांची नावं. दातांचा काही संबंध नाही, हे दर लग्नात सांगावं लागतं. माझा प्रकार १ए, सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची जादा प्रत. पावलं पडतात, पोटऱ्या बारीक, पायाला आधाराची पट्टी.

मला कोणी 'खा रे बाबा' म्हणू नका. स्नायू कमी, चालणं कमी, म्हणजे जळतंही कमी. ऑफिसात बसून काम आणि शनिवारी सावजीचं मटण, त्यामुळे माझं वजन वर वर गेलं. प्रत्येक जादा किलो या लुळ्या घोट्यावर येतो. वजन उतरवल्यावर जिना चढणं सोपं झालं, पाय बरे झाले नाहीत. उपाशी राहून उतरवलं नाही, नाहीतर आहेत ते स्नायूही जातात. डाळ, दही, अंडी वाढवली, भात-पोळी आणि तळण कमी केलं, पोहणं सुरू केलं.

व्हिटॅमिन सी चा एके काळी फार गवगवा होता, उंदरांत फरक पडला होता. माणसांवर एकाहून जास्त देशांत चाचण्या झाल्या, उपयोग दिसला नाही.

आणि वहिनींनी 'नसांच्या गोळी' बद्दल विचारलंय, त्याचं उत्तर मी देतो कारण मला त्याचा अनुभव आहे. त्या गोळ्यांत बहुधा बी-६ असतं. बी-६ जास्त प्रमाणात, बराच काळ घेतलं तर नसा आणखी खराब होतात! नसांसाठी घ्यायचं आणि नसांनाच मारायचं. एका ओळखीच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून मी दोन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र घेत होतो, दोन्हीत बी-६. न्यूरॉलॉजिस्टने पिशवी उघडायला लावली म्हणून कळलं. बी-१२ ची गोष्ट वेगळी. शाकाहारी माणसात ते खरंच कमी असतं आणि त्याने नसांचा त्रास वाढतो. तपासा, कमी असेल तर घ्या.

अर्धवट वैद्य

तिरपी चाल यांना +१. औषधांची पिशवी दाखवा हा सल्ला सोन्याच्या मोलाचा. मी मेडिसिनचा विद्यार्थी, त्यामुळे नाव तसं घेतलंय.

पोळपाट ताईंचं 'आधी नाव' हे मुद्दाम पुढे नेतो, कारण बावांचा कीटो अजून कोणाच्या तरी डोक्यात घोळत असेल.

ग्लूट-१ ची कमतरता म्हणून एक आजार आहे. रक्तातली साखर मेंदूत नेणारं वाहक प्रथिनच अपुरं, त्यामुळे मेंदू उपाशी आणि मुलाला फिट्स. तिथे कीटो हाच मुख्य उपचार, कारण कीटोन दुसऱ्या दाराने आत जातात. बावांच्या मित्राचा मुलगा यातला असू शकतो, किंवा औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराचा.

आता पोर्फिरिया पाहा, त्यातला अचानक झटके येणारा प्रकार. तोही आनुवंशिक. पोटात असह्य दुखतं, हातापायांतली शक्ती जाते, लघवी गडद होते. यात उपवास किंवा पिष्टमय पदार्थ तोडणं हेच झटक्याचं निमित्त ठरतं, आणि उपचारात ग्लुकोज चढवतात. या माणसाला कीटो दिला तर त्याला आयसीयूत नेऊन सोडलं असं समजा.

तिसरा, रेफसम. यात फायटॅनिक आम्ल शरीराला मोडता येत नाही. ते येतं कुठून? तूप, लोणी, मलईचं दूध, बकऱ्याचं आणि गाईगुरांचं मांस, काही मासे. साचत जाऊन नसा, डोळे, कान बिघडतात. उमरेडच्या भाऊजींना जे तूप औषधासारखं द्यायचं, तेच रेफसमच्या रुग्णाला तोडायचं. आणि गंमत म्हणजे त्यालाही कडक उपवास चालत नाही, कारण चरबी वेगाने वितळली की तिच्यात साठलेलं फायटॅनिक आम्ल रक्तात उतरतं.

बर्डीचा बावा

पटलं बावा. मी माझं कीटो मागे घेतो. मित्राला विचारलं, पोराचा आजार तो ग्लूट का काय तोच निघाला.

पण एक राहिलं. आमच्या आजीच्या घरी तांब्याच्या कळशीतलं पाणी, नसांसाठी चांगलं म्हणून. त्यात तर काही बिघडत नाही ना?

अर्धवट वैद्य

तुमच्या घरी नसेल बिघडत. विल्सनच्या रुग्णाच्या घरी बिघडतं. यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साचतं, हात थरथरतात, बोलणं जड होतं, चेहरा ताठरतो. १९१२ साली विल्सन यांनी वर्णन केलेला आजार. यावर चांगली औषधं आहेत, वेळेत सापडला तर माणूस नोकरी करतो. तिथे तांब्याची कळशी, कलेजी, खेकडे-शिंपले, मश्रूम, सुकामेवा, चॉकलेट यांवर बंधन असतं, विशेषतः सुरुवातीला. म्हणूनच तरुण वयात विचित्र हालचाली दिसल्या की डॉक्टर रक्त-लघवीतलं तांबं तपासतात आणि डोळ्यांत कडं आहे का ते पाहतात.

वैनगंगा

भंडाऱ्याहून लिहितोय. आमच्या काकांचे पाय ताठ, चालताना गुडघे एकमेकांना घासतात. वर्षानुवर्षं अख्खा गाव म्हणत होता, लाखोळी खाल्ली म्हणून. आमच्याकडे धानानंतर लाखोळी पेरतात, तिची डाळ, पिठलं, हिरवी भाजी सगळं होतं. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली तेही याच कारणाने. तिच्यातलं एक द्रव्य मज्जारज्जूला इजा करतं. पण ती इजा होते दुष्काळासारख्या दिवसांत, महिनोन्महिने मुख्य अन्न लाखोळीच असेल तेव्हा. आणि एकदा झाली की बहुतेक तिथेच थांबते, पुढे वाढत जात नाही.

काकांचं तर दरवर्षी वाढत गेलं. मग चुलत भावाचे पाय ताठ व्हायला लागले, आणि तो तर पुण्याला हॉस्टेलवर वाढलेला, त्याच्या ताटात लाखोळी कुठून येणार? शेवटी जनुकीय तपासणीत आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया निघाला, म्हणजे पाय ताठ होत जाण्याचा घराण्यातला आजार. इतकी वर्षं काकूने घरात डाळ शिरू दिली नाही, काकांनी मळ्यातली लाखोळी उपटून टाकली. दोष त्या बिचाऱ्या डाळीचा नव्हताच.

पथ्य म्हणाल तर या आजाराचं खास असं काही नाही. ताठ पायांनी चालायला जास्त दम लागतो, दुपारनंतर काका गळून जातात. वजन वाढू द्यायचं नाही, आणि बद्धकोष्ठ सांभाळायचं. एवढंच.

चाफेकळी

कुठे लिहावं कळत नव्हतं. माझी मुलगी १७ वर्षांची, फ्रीडरायखचा अटॅक्सिया, म्हणजे हाही तोल जाण्याचाच आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक, आम्हाला दोघांना काहीच नाही. आपल्याकडे सिकलसेलमुळे हे लोकांना चटकन समजतं, म्हणून नातेवाइकांना मी तसंच सांगते: दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली.

निदानाच्या आधी डॉक्टरांनी व्हिटॅमिन ई ची पातळी मागवली होती. मला राग आला होता, एवढ्या मोठ्या आजारात व्हिटॅमिन काय तपासता? नंतर कळलं की व्हिटॅमिन ई रक्तात टिकवून न ठेवणारा एक आनुवंशिक आजार हुबेहूब फ्रीडरायखसारखा दिसतो. तो असता तर मोठ्या डोसने आजार रोखता आला असता. आमचा अहवाल नॉर्मल आला. ज्यांच्या मुलांचा तोल जातोय त्यांनी ही तपासणी नक्की विचारा.

हिच्या आजारात फ्रटॅक्सिन नावाचं प्रथिन कमी पडतं. त्यामुळे मायटोकॉन्ड्रियातली लोह-गंधकाची जुळणी बिघडते, ऊर्जा कमी आणि तिथे लोह साचतं. हृदयाला त्रास होतो, काही मुलांना मधुमेह होतो. आम्ही दर वर्षी साखर आणि हृदयाची इको करतो. शेजारच्या काकू मुलगी फिकट दिसते म्हणून लोहाचं टॉनिक घेऊन आल्या होत्या. मी ते परत दिलं. रक्तात खरंच लोह कमी आहे असं तपासणीत निघालं तरच, आणि डॉक्टर देतील तेवढंच.

तर मी तूप-साखर ओतायची की तोडायची? ती बारीकही आहे आणि साखरेची भीतीही आहे. अमेरिकेत २०२३ साली या आजारावर १६ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी एक औषध मंजूर झालं, त्याची किंमत वाचून मी मोबाइल उलटा ठेवला.

पोळपाट

चाफेकळी, तुमच्याकडे ओतायचंही नाही आणि तोडायचंही नाही. वजन राखायचं, पण ते शेंगदाणे, तीळ, दही, अंडी, डाळी यांतून. साखर, मैदा, सरबतं यांतून नको. दर जेवणात थोडं प्रथिन ठेवा म्हणजे साखर एकदम उसळत नाही. व्हीलचेअरवर वेळ जास्त जात असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासा, हाडं लवकर ठिसूळ होतात. मधुमेहाची खूण म्हणून तहान आणि रात्रीची लघवी यांकडे लक्ष असू द्या, वर्षाची तारीख यायची वाट पाहू नका. आणि हृदयाचा त्रास असेल तर लोणचं, पापड, सांडगे बेताने. किती मीठ चालेल ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ साली आलंय, त्यात ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. तुमचा आजार सध्याच्या यादीत बसतो का ते तिथेच विचारा, फोनवर कोणी सांगितलेलं धरून चालू नका.

उमरेडची सून

सगळ्यांचे आभार. तर्री पोहे बंद केले, पहिल्या दिवशी भाऊजी रुसले. आता कण्यांमध्ये ताक आणि वरून लसणाची फोडणी देते, ते चालतंय. दोन अडचणी राहिल्या.

एक, मे महिना तोंडावर आहे. गेल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर होता, कूलरपुढे बसूनही घाम, आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आलं होतं. दोन, नळीचं. मोठ्या डॉक्टरांनी पोटात थेट अन्न सोडायच्या नळीचा विषय काढला, सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

घोटभर

उन्हाळ्यात जेवण पहाटे आणि रात्री हलवा. दुपारी घट्ट आणि थंड: कैरीच्या गराचं दाट पन्हं, मलईचं दही साखर घालून, आंबा-दुधाचा घट्ट रस, सातूचं पीठ दुधात कालवून. पाणी कमी पडलं तर लघवी गडद होते, तेवढी खूण पुरे.

नळीबद्दल: आज लागत नसेल तर आज घालायची नाही. पण विषय आज काढायचा. भाऊजींना अजून बोलता येतंय, समजतंय. पुढे गिळता आलं नाही तर नळी हवी की नको, हे त्यांनी स्वतः सांगावं. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. काहींना नळीने दोन घास चवीला तोंडाने आणि बाकी पोटातून, असा आराम मिळतो. काही जण ठाम नकार देतात. ते बोलू शकत नसताना सासूबाई आणि जाऊ यांनी आपसात ठरवायचं, ही वेळ येऊ देऊ नका. डॉक्टरांसमोर बोला, फाइलमध्ये लिहून घ्या.

उमरेडची सून

बोललो. जावेने विचारलं, मी नुसती बसले होते. ते 'नको' म्हणाले, मग बऱ्याच वेळाने 'आत्ता नको' म्हणाले. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

आता शेवटचं. सासूबाईंचा आणि भाऊजींचा नवरात्राचा उपवास असतो, नऊ दिवस. लहानपणापासून करतात, सोडायला तयार नाहीत. अजून वेळ आहे, पण मला आत्तापासून धाकधूक आहे.

पोळपाट

उपवास करू द्या, उपाशी राहू देऊ नका. आपल्या उपवासाच्या ताटात कॅलरीची कमी कुठे असते? दाणे, तूप, बटाटा, रताळं, दूध, केळं, राजगिरा. हिशोब रोजच्याइतकाच भरला पाहिजे, वजन रोज करा, घटलं तर दसऱ्याची वाट न पाहता सोडायचा. देवीसमोर सासूबाईंनाच कबूल करून घ्या, त्या शब्द मोडणार नाहीत.

घोटभर

साबुदाण्याची खिचडी नको. चिकट, दाणा दाणा सुटा, वर दाण्याचे तुकडे. खीर चालेल, साबुदाणा पूर्ण पारदर्शक होईतो शिजवून घोटलेली. भगर मऊ, दह्यात कालवून. दाण्याची आमटी गाळून, दाट.

चाफेकळी

राजगिऱ्याचं काय, लाही घ्यायची की पीठ? आमच्याकडे लाह्याच असतात.

घोटभर

पीठ. लाही हलकी असते, श्वासाबरोबर उडते आणि ठसका लागतो. पीठ तुपात खमंग भाजायचं, गरम दूध हळूहळू घालत गुठळी मोडायची, गूळ शेवटी. चमचा उलटा केला तर पटकन गळून पडायला नको इतपत दाट.